पाहायला शिकवणारा शिक्षक

चित्रकलेचा तास सुरू आहे. सरांनी टेबलावर एक पिकलेला पेरू ठेवला आहे आणि मुलांना त्याचे चित्र काढायला सांगितले आहे. पंधरा मिनिटांत बहुतेकांच्या वहीत पेरू तयार होतो. एक गोल, वर छोटासा देठ, देठाला एक पान. पण हा पेरू रुपयाच्या नाण्यासारखा सपाट दिसतो. टेबलावरचा पेरू उचलून हातात घ्यावासा वाटतो, वहीतला तसा वाटत नाही. असे का होते? पेरू समोर होता, पेन्सिलही चांगली होती. मग चुकले कुठे?

चूक हाताची नसते, नजरेची असते. पेरू कसा असतो हे आपल्याला आधीच ठाऊक असते. म्हणून आपण त्याच्याकडे नीट पाहत नाही. डोळ्यांना दिसते ते बाजूला राहते आणि डोक्यात असते ते कागदावर उतरते. ही गोष्ट इंग्लंडमधल्या एका माणसाने सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी लोकांना समजावून सांगितली. त्या माणसाचे नाव जॉन रस्किन. ते लेखक होते, विचारवंत होते, उत्तम चित्रे काढणारेही होते. पण आज आपण त्यांची ओळख एक शिक्षक म्हणून करून घेणार आहोत.

जॉन रस्किन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८१९ रोजी लंडन शहरात झाला. त्यांचे वडील मद्याचे मोठे व्यापारी होते. घरात पैशाची कमतरता नव्हती. आई फार धार्मिक आणि कडक शिस्तीची होती. ती रोज मुलाकडून बायबल वाचून घेई आणि त्यातला काही भाग पाठ करून घेई. जॉन हा एकुलता एक मुलगा. एवढ्या श्रीमंत घरातला मुलगा म्हटल्यावर त्याच्याजवळ खेळण्यांचा ढीग असेल असे आपल्याला वाटेल. पण तसे नव्हते. आईच्या मते जास्त खेळण्यांनी मूल बिघडते. अगदी लहान असताना जॉनला खेळायला फक्त किल्ल्यांचा एक जुडगा मिळाला. पुढे एक गाडी व एक चेंडू आणि नंतर लाकडी विटांचे दोन डबे, एवढीच काय ती भर पडली. एका मावशीने त्याला सुंदर कळसूत्री बाहुल्या भेट दिल्या होत्या, पण आईने त्याही काढून ठेवल्या.

मग हा मुलगा दिवसभर करी तरी काय? तो पाहत बसे. गालिच्यावरची नक्षी, जमिनीच्या फळ्यांतल्या लाकडाच्या गाठी, समोरच्या घराच्या भिंतीतल्या विटा, हीच त्याची खेळणी झाली. तासन्तास तो या गोष्टी न्याहाळी, त्या मोजी आणि त्यांची एकमेकींशी तुलना करी.

जॉन चार वर्षांचा झाला तेव्हा हे कुटुंब लंडनच्या दक्षिणेला हर्न हिल नावाच्या टेकडीवर राहायला गेले. त्या घरामागे मोठी बाग होती. बागेत सफरचंदे होती, नासपती होत्या, चेरी होत्या, तुतीचे झाडही होते. पण इथेही आईचा नियम आड आला. झाडाचे फळ तोडून खायचे नाही. रस्किन यांनी म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात या बागेची आठवण गमतीने सांगितली आहे. स्वर्गातल्या बागेत मनाई होती ती एकाच झाडाच्या फळाची. आपल्या बागेत मात्र सगळ्याच फळांना मनाई होती, असा त्या आठवणीचा अर्थ आहे. फळ खाता येत नव्हते, पण पाहता येत होते. कच्चे फळ हळूहळू रंग कसे बदलते, उजेडाच्या बाजूला ते कसे चमकते आणि सावलीच्या बाजूला कसे गडद होते, हे पाहायला कोणाची मनाई नव्हती. पुढे रस्किन यांची जी तीक्ष्ण नजर जगाने वाखाणली, तिची सुरुवात अशा बालपणात झाली. याचा अर्थ मुलांना खेळणी देऊ नयेत असा मात्र नाही. आपले बालपण फार एकाकी गेले, याचे दुःख रस्किन यांना जन्मभर होते.

लहानपणापासून जॉनला चित्रे काढण्याची हौस होती. वडिलांनी त्याच्यासाठी चित्रकलेचे चांगले शिक्षक ठेवले. त्या काळी चित्रकला शिकणे म्हणजे मुख्यतः नक्कल करणे. शिक्षकाने काढलेले झाड पाहायचे आणि तसेच झाड आपल्या कागदावर काढायचे. पाने काढण्याची एक ठरलेली रीत, खडक काढण्याची दुसरी ठरलेली रीत. एकदा ती रीत हातात बसली की बाहेरचे खरे झाड पाहिले नाही तरी चालत असे. जॉनचा हात या सरावाने चांगला तयार झाला. तेरावा वाढदिवस झाला तेव्हा त्याला भेट म्हणून इटलीविषयीचे एक काव्याचे पुस्तक मिळाले. त्यात टर्नर या इंग्रज चित्रकाराची छोटी छोटी चित्रे होती. ती पाहून जॉन वेडा झाला. त्याने त्या चित्रांच्याही नकला केल्या.

पुढे जॉन ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकायला गेला. शिक्षण संपत आले आणि १८४२ साली, तेवीस वर्षांचा असताना, त्याच्या आयुष्यात एक छोटीशी घटना घडली. घटना इतकी साधी, की दुसरा कोणी ती विसरून गेला असता.

वसंत ऋतू होता. जॉन घराजवळच्या रस्त्याने फिरायला निघाला होता. वाटेत एका काटेरी झुडपाच्या खोडाभोवती वेल गुंडाळलेला त्याला दिसला. त्याने खिशातली करड्या कागदाची वही काढली आणि पेन्सिलीने छायाप्रकाश देत त्या वेलाचे चित्र काढायला सुरुवात केली. या वेळी समोर कोणाचे चित्र नव्हते आणि पाने काढण्याची ठरलेली रीतही त्याने वापरली नाही. जिथे पान वळले होते तिथे त्याने ते वळवले. जिथे सावली होती तिथे सावली दिली. काढता काढता तो वेल त्याला अधिकाधिक आवडू लागला. चित्र पूर्ण झाले तेव्हा त्याला आनंदही झाला आणि वाईटही वाटले. वयाच्या बाराव्या वर्षापासून आपण चित्रे काढत आहोत, पण समोर जे खरोखर आहे ते काढ, असे आपल्याला आजवर कोणीच सांगितले नाही, हे त्याच्या ध्यानात आले. इतकी वर्षे जणू फुकट गेली होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये प्रवास करताना त्याने रस्त्याकडेच्या एका साध्या झाडाचे चित्र काढले आणि त्याची खात्री पटली. खऱ्या झाडाची रचना कोणत्याही ठरलेल्या नमुन्यापेक्षा सुंदर असते.

दुसऱ्याच वर्षी, १८४३ मध्ये, रस्किन यांच्या 'मॉडर्न पेंटर्स' या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. टर्नरच्या चित्रांवर त्या वेळी बरीच टीका होत असे. टर्नरने निसर्ग किती बारकाईने पाहिला आहे, हे या पुस्तकाने लोकांना दाखवून दिले. या ग्रंथाचा पाचवा आणि शेवटचा भाग १८६० साली आला. तोवर रस्किन यांचे नाव सगळ्या इंग्लंडमध्ये झाले होते.

एवढा नावाजलेला, श्रीमंत लेखक. त्याने मोठ्या लोकांच्या मेजवान्यांत मिरवावे, असे कोणालाही वाटले असते. पण रस्किन यांनी वेगळी वाट धरली. १८५४ साली लंडनमध्ये कामगारांसाठी एक कॉलेज सुरू झाले. दिवसभर राबणाऱ्या माणसांना संध्याकाळी तिथे शिकता येत असे. रस्किन यांनी तिथे चित्रकलेचा वर्ग घेण्याचे आपणहून मान्य केले. त्यासाठी त्यांनी मोबदला घेतला नाही. दर गुरुवारी संध्याकाळी ते वर्गावर येत. त्यांच्यासमोर सुतार, कारकून आणि निरनिराळ्या धंद्यांतले कारागीर बसलेले असत. यांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी चित्रासाठी पेन्सिल हातात धरली नव्हती.

पहिल्या धड्यासाठी रस्किन यांनी ना देवदूताचा पुतळा ठेवला, ना राजाचे चित्र. त्यांनी कातड्याचा एक पांढरा चेंडू दोरीला टांगला आणि तो काढायला सांगितले. अट एकच होती. कडेची रेघ काढायची नाही. जिथे सावली दिसते तिथेच पेन्सिल चालवायची आणि जिथे उजेड आहे तिथे कागद कोरा सोडायचा.

विद्यार्थी बुचकळ्यात पडले असतील. रेघ न काढता चेंडू कसा काढायचा? पण विचार करा, खऱ्या चेंडूभोवती काळी रेघ असते का? नसते. चेंडू संपतो आणि मागची भिंत सुरू होते, एवढेच. रेघ आपल्या मनात असते. डोळ्यांना दिसतात ते फक्त कमीजास्त उजेडाचे डाग. ते डाग जसेच्या तसे कागदावर उतरवले, की चेंडू आपोआप गोल दिसू लागतो. मग तो कागदातून बाहेर येतो की काय असे वाटते.

चेंडू जमला की मग पानांचे ठसे, नंतर खरी पाने, पिसे, दगड असे विद्यार्थी पुढे सरकत. ही माणसे मोठी चित्रकार व्हावीत, असा रस्किन यांचा हट्ट नव्हता. सुताराने सुतारच राहावे, पण आजूबाजूचे सौंदर्य पाहून त्याचे आयुष्य अधिक आनंदी व्हावे, असे त्यांना वाटे. तरीही त्यांच्या काही विद्यार्थ्यांचे आयुष्य या वर्गाने बदलून टाकले. जॉर्ज ॲलन हा तरुण सुतार होता. तो पुढे कुशल खोदचित्रकार झाला आणि शेवटी रस्किन यांच्या पुस्तकांचा प्रकाशक बनला.

त्या काळात इंग्लंडच्या सरकारी कलाशाळांत मात्र वेगळीच पद्धत होती. कारखान्यांना नक्षीकाम करणारे हात हवे होते. म्हणून विद्यार्थ्यांना आधी छापील नमुन्यांच्या बाह्यरेषा हुबेहूब काढायला लावत. महिनोन् महिने फक्त रेषा आणि भूमितीच्या आकृत्या. हात पक्का होई, पण नजर झोपलेलीच राही. रस्किन यांना ही पद्धत पसंत नव्हती. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय १८५७ साली सुरू झाले. काही वर्षांनी तिथे इंग्लंडहून जे शिक्षक आले, ते याच सरकारी पद्धतीतून आलेले होते. त्यामुळे इंग्लंडमधला हा वाद आपल्या शाळांपर्यंतही येऊन पोचला होता, असे म्हणता येईल.

त्याच १८५७ साली रस्किन यांचे 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रकला कशी शिकावी, असे विचारणारी पत्रे त्यांना नेहमी येत. प्रत्येकाला वेगळे उत्तर कुठवर लिहिणार? म्हणून त्यांनी हे पुस्तक लिहिले, आणि तेही पत्रांच्याच रूपात. त्यात तीन लांब पत्रे आहेत. जणू एखादा वडीलधारा माणूस दूरच्या विद्यार्थ्याशी बोलत आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी लहान मुलांविषयी लिहिले आहे. बारा-चौदा वर्षांच्या आधी मुलांना चित्रकलेच्या कडक अभ्यासाला जुंपू नये, असे त्यांचे मत होते. मूल कागदावर रेघोट्या ओढत असेल तर ओढू द्यावे. त्याला स्वस्तातले रंग द्यावेत. त्याने काही काळजीपूर्वक किंवा खरेपणाने काढले असेल, तर त्याचे कौतुक करावे. आणि त्याला जे दिसते व आवडते ते काढायला हळूच वळवावे. अशा वस्तूंत त्यांनी पाखरे, फुलपाखरे, फुले आणि फळे यांची नावे घेतली आहेत. ज्या बागेत लहानपणी फळांना हात लावायची मनाई होती, तिथला मुलगा मोठेपणी दुसऱ्यांच्या मुलांना फळे काढायला सांगत होता.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी मात्र त्यांनी मेहनतीचा अभ्यास दिला आहे. आधी कागदावर एक चौकोन आखायचा आणि तो बारीक रेघांनी असा भरायचा, की सगळीकडे सारखीच छटा दिसावी. हे सोपे वाटते, पण करून पाहा! एखादी जागा गडद होते, एखादी फिकट राहते. ते जमले की काळ्यापासून हळूहळू पांढऱ्याकडे जाणारी पट्टी काढायची. एक छटा संपून दुसरी कुठे सुरू झाली हे डोळ्याला कळता कामा नये. त्यानंतर खरी परीक्षा. रस्त्यावर जाऊन एक गोल किंवा लांबट दगड उचलून आणायचा. तो फार पांढरा नको, फार काळा नको आणि चकचकीत तर मुळीच नको. खिडकीजवळ टेबल ओढून त्यावर कागद पसरायचा आणि कागदावर तो दगड ठेवायचा. उजेड डाव्या बाजूने यायला हवा, म्हणजे पेन्सिलीची सावली कामाच्या आड येत नाही. दगडावर थेट ऊन पडू द्यायचे नाही. शक्य असल्यास खोलीतल्या बाकीच्या खिडक्या बंद करायच्या. कारण उजेड अनेक बाजूंनी आला की सावल्यांचा गोंधळ होतो.

हा दगड ज्याला नीट काढता आला, त्याला काढण्याजोगी कोणतीही वस्तू काढता येईल, अशी रस्किन यांची खात्री होती. कारण निसर्गात जिकडे पाहावे तिकडे गोलाई आहे. झाडाची फांदी, ढग, माणसाचा गाल आणि आपली पृथ्वीसुद्धा गोलच आहे. गोलाई दाखवता आली की चित्रकलेचे मोठे दार उघडले.

छटा ओळखण्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती सांगितली आहे. पांढऱ्या कागदाला मध्ये एक लहान भोक पाडायचे. तो कागद डोळा आणि वस्तू यांच्यामध्ये धरायचा. भोकातून वस्तूचा एवढासा तुकडाच दिसतो. त्यामुळे ती वस्तू कोणती हे मन विसरते आणि फक्त छटा दिसते. कागद जरा सरकवला की भोकातला डाग गडद होतो किंवा उजळतो. अशा रीतीने डोळा खरे बोलू लागतो.

आता आपण आपल्या पेरूकडे परत येऊ. तो खिडकीजवळ ठेवला तर काय दिसेल? उजेड जिथे सरळ पडतो ती जागा सर्वांत उजळ असते. तिथून दूर जाताना छटा हळूहळू गडद होत जाते. पण अगदी दुसऱ्या कडेला गेल्यावर एक नवल दिसते. तिथे पेरू पुन्हा किंचित उजळलेला असतो. टेबलावरच्या कागदावर पडलेला उजेड उलट फिरून त्याच्या खालच्या अंगाला लागलेला असतो. याला परावर्तित प्रकाश म्हणतात. पेरूची टेबलावर पडलेली सावलीही सगळीकडे सारखी काळी नसते. पेरूला टेकलेली असते तिथे ती सर्वांत गडद असते आणि पुढे विरळ होत जाते. या चार गोष्टी पाहून पेन्सिलीने उतरवल्या, की वहीतला पेरू नाण्यासारखा राहत नाही. तो गोल होतो आणि टेबलावर बसतो.

रस्किन यांचे शिक्षणाचे काम इथेच थांबले नाही. १८६९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना ललित कलांचे पहिले स्लेड प्राध्यापक नेमले. १८७१ मध्ये त्यांनी तिथे चित्रकलेची शाळा सुरू केली. तिच्या शिक्षकाच्या पगारासाठी स्वतःचे पाच हजार पौंड दिले आणि आपल्या संग्रहातली पुष्कळ चित्रेही दिली. ती शाळा त्यांच्या नावाने आजही चालू आहे. शेफील्ड शहरात सुऱ्या-कात्र्या बनवणारे कारागीर राहत. त्यांच्यासाठी रस्किन यांनी १८७५ साली एक छोटे संग्रहालय उघडले. वडिलांकडून त्यांना प्रचंड संपत्ती मिळाली होती. त्यातली बहुतेक त्यांनी अशा कामांत आणि गरजूंना मदत करण्यात खर्च करून टाकली.

कामगारांना शिकवताना रस्किन यांनी त्यांचे कष्टही जवळून पाहिले होते. श्रीमंत-गरीब यांच्यातल्या अन्यायावर त्यांनी 'अन टू धिस लास्ट' हे पुस्तक लिहिले. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना महात्मा गांधींनी ते आगगाडीत रात्रभर वाचले आणि आपले जीवन बदलण्याचा निश्चय केला. पुढे त्यांनी गुजराती भाषेत त्याचा सारांश लिहिला आणि त्याला 'सर्वोदय' हे नाव दिले.

एवढ्या मोठ्या माणसाच्या हातूनही एक मोठी चूक झाली. ती सांगितली नाही तर हे चरित्र अपुरे राहील. १८५७ च्या उठावाच्या बातम्या इंग्लंडमध्ये पोचल्यावर तिथले लोक भारतावर संतापले होते. १८५८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात रस्किन यांनी भारतीय लोकांविषयी फार कठोर आणि अन्यायाचे विचार मांडले. भारतीय कलाकारांची रंगांची जाण त्यांना मान्य होती. पण हे कलाकार निसर्ग जसा आहे तसा कधी काढतच नाहीत, असे त्यांनी ठरवून टाकले.

हे खरे होते का? रस्किन यांच्या जन्माच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, १६२० साली, बादशहा जहाँगीर काश्मीरला गेला होता. त्याच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याने तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, अशी नोंद बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. मन्सूरला 'नादिर-उल-अस्र' ही पदवी मिळाली होती. त्याने काढलेल्या पक्ष्यांचे एकेक पीस आणि फुलांची एकेक पाकळी पाहिली, की त्याची नजर किती बारीक होती हे कळते. रस्किन भारतात कधीच आले नाहीत. जो माणूस जन्मभर सांगत राहिला, की आधी पाहा आणि मग काढा, त्यानेच आपल्या देशाविषयी न पाहता बोलून टाकले. ऐकीव माहितीवर आणि रागाच्या भरात त्याने एका सबंध देशाचे चित्र रंगवले. ते चित्र चुकीचे निघाले. म्हणजे रस्किन यांचा धडा रस्किन यांनाही लागू पडतो. फळाच्या बाबतीत जे खरे, तेच माणसांच्या बाबतीतही खरे आहे.

रस्किन यांची शेवटची वर्षे दुःखात गेली. १८७८ पासून त्यांना मानसिक आजाराचे झटके येऊ लागले. इंग्लंडच्या उत्तरेला कॉनिस्टन नावाच्या तळ्याकाठी त्यांचे ब्रँटवुड हे घर होते. तिथेच ते शेवटपर्यंत राहिले. अखेरच्या दहा वर्षांत त्यांनी लिहिणे जवळजवळ सोडून दिले होते. २० जानेवारी १९०० रोजी त्यांचे निधन झाले. देशातल्या थोर माणसांना जिथे पुरतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांच्यासाठी जागा देऊ केली होती. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे कॉनिस्टनच्या साध्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी चित्रकलेच्या एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएट परीक्षेला बसले, तर तिथे समोर ठेवलेल्या वस्तूंचे चित्र काढावे लागते. त्या वेळी घाईने गोल काढू नका. पाच मिनिटे नुसते पाहा. उजेड कुठून येतो, सावली कुठे गडद आहे, हे डोळ्यांना विचारा आणि मगच पेन्सिल उचला. आणि परीक्षा संपल्यावर घरी जाताना हीच नजर सोबत ठेवा. रस्त्यात भेटणारे माणूस कसे असेल हे आधी ठरवू नका. पेरूकडे पाहिले तसे त्याच्याकडेही नीट पाहा.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लहानपणी जॉन दिवसभर कोणकोणत्या गोष्टी न्याहाळत असे?
(आ) कामगारांच्या वर्गात रस्किन यांनी पहिल्या धड्यासाठी कोणती वस्तू ठेवली?
(इ) उस्ताद मन्सूर याला कोणती पदवी मिळाली होती?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १८४२ साली घडलेल्या घटनेने जॉनला काय शिकवले?
(आ) दगडाचे चित्र काढताना उजेडाची कोणती काळजी घ्यायची?
(इ) रस्किन यांच्या हातून कोणती चूक झाली? ती चूक का झाली असे तुम्हाला वाटते?

प्रश्न ३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
न्याहाळणे, बुचकळ्यात पडणे, खात्री पटणे, ध्यानात येणे.

उपक्रम : पेरू, लिंबू किंवा चिकू यांपैकी एक फळ खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवा. कडेची रेघ न काढता फक्त पेन्सिलीच्या छटांनी त्याचे चित्र काढा. आठ दिवसांनी तेच फळ पुन्हा काढा आणि दोन्ही चित्रांत काय फरक पडला ते मराठीत पाच वाक्यांत लिहा.